गाडी खाली कुठे करायची?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर

विषय: लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत माल चढवायला-उतरवायला जागा मिळण्याबाबत

साहेब,

हे पत्र तक्रारीचं आहे, आणि तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्या यादीत पहिला मीच आहे. लासूर स्टेशनला माझं भुसाराचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो.

मागच्या हिवाळ्यात, ऐन बाजाराच्या दिवशी, माझ्या दुकानापुढे साखरेचा ट्रक लागला. आम्ही तिघा दुकानदारांनी मिळून मागवलेला. सोळा टन माल, म्हणजे पन्नास किलोची तीनशे वीस पोती, आणि खाली करायला सहा हमाल. गाडी रात्री यायची ती सकाळी अकराला आली. तिच्यामागे एसटी अडकली. ड्रायव्हरने थोडा वेळ हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद केलं, खाली उतरला, समोरच्या टपरीवरून चहा घेतला आणि ग्लास हातात धरूनच माझ्या गल्ल्यापाशी आला.

"शेठ, किती पोती राहिली?"

"सत्तर-ऐंशी असतील."

"मग अजून अर्धा चहा होतो," म्हणाला आणि परत गेला.

भांडला असता तर बरं वाटलं असतं. आपल्या गावातला रस्ता म्हणजे कुणाच्या तरी गोदामाचा पुढचा भाग, हे त्या माणसाने कधीच मान्य करून टाकलं होतं. एसटीतल्या बायका खिडकीतून माझ्या दुकानाची पाटी वाचत होत्या. एकीच्या मांडीवर लहान मूल होतं आणि ते माझ्याकडेच बघत होतं. त्या दिवशी पोत्यांचा हिशोब मी दोनदा चुकलो.

दुकानाचे कागद तपासलेत तर खोट सापडणार नाही. रात्री मी राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली वाचायला घेतली. भाचा बांधकामाच्या धंद्यात आहे, त्याच्याकडून मागवली. २ डिसेंबर २०२० ला शासनाने ती मंजूर केली. मुंबईसारखे मोजके अपवाद सोडले तर महानगरपालिकांपासून प्रादेशिक योजनेतल्या खेड्यांपर्यंत तीच चालते. तिचं आठवं प्रकरण पार्किंगचं आणि माल चढ-उताराच्या जागांचं आहे. कारला अडीच बाय पाच मीटर, दुचाकीला एक बाय दोन, मालवाहू गाडीला पावणेचार बाय साडेसात, अशा चौकटी त्यात आखून दिल्या आहेत. पुढे म्हटलं आहे की बाजार, कार्यालयं, कारखाने, गोदामं यांनी नेहमीच्या पार्किंगखेरीज माल उतरवायला वेगळी जागा सोडायची. पहिले २०० चौरस मीटर वगळायचे, आणि त्यापुढच्या दर १००० चौरस मीटरला किंवा त्याच्या अंशाला एक चौकट द्यायची.

पहिले २०० वगळायचे, इथे मी अडलो. माझं दुकान पंधरा फूट रुंद आणि पन्नास फूट खोल, म्हणजे साडेसातशे चौरस फूट, मीटरच्या भाषेत सत्तर. दोनशे चौरस मीटर म्हणजे साडेएकवीसशे चौरस फूट. आमच्या ओळीतलं एकही दुकान तिथवर पोचत नाही. म्हणजे माझ्याकडून कायदा मागतो शून्य, शेजारच्या किराणावाल्याकडून शून्य, त्यापलीकडच्या खत-बियाण्याच्या दुकानाकडून शून्य. अशी तीस दुकानं सलग धरली तर एकवीसशे चौरस मीटर होतात. हीच तीस दुकानं कुणा एका बिल्डरने एका इमारतीत बांधली असती तर त्याला दोन ट्रकांची जागा सोडावी लागली असती. आमचे मालक तीस, आमच्या परवानग्या तीस, म्हणून कुणालाच काही सोडावं लागत नाही. नियमावलीने मोठा मॉल डोळ्यांपुढे ठेवला असावा. आमच्याकडे मॉल नाही, पेठ आहे. पण रोजच्या मालाच्या वजनात ती मॉलपेक्षा हलकी नाही.

ही सूट काढून टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. मालवाहू गाडीची चौकट पावणेचार मीटर रुंद आहे, म्हणजे सव्वाबारा फूट. माझं दुकान पंधरा फूट. चौकट दुकानापुढच्या माझ्याच जागेत काढायची ठरली तर उरतात पावणेतीन फूट. त्यात दार बसेल, गल्ला बसणार नाही. छोट्या दुकानदाराला सूट दिली ते बरोबरच केलं. पण सूट दिली म्हणून ट्रक यायचा थांबत नाही. एकेका दुकानाला जे जमणार नाही ते तीस दुकानांना मिळून जमू शकतं, एवढंच नियमात कुठे म्हटलेलं नाही. खरं तर थोडंसं म्हटलेलं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

साहेब, आमच्या गावाचं नावच बघा. मूळ लासूर, आता लासूरगाव म्हणतात ते, वैजापूर तालुक्यात आहे, दाक्षायणी देवीचं. आम्ही गंगापूर तालुक्यातले, आणि आमच्या नावात देव नाही, नदी नाही, स्टेशन आहे. निजामाच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे रूळ गेले, गाडी इथे थांबायला लागली, धान्य-कापूस इथे चढायला लागला आणि वखारींभोवती वस्ती वाढली. माल चढवण्या-उतरवण्यासाठीच जन्माला आलेलं हे गाव. आज अख्ख्या पेठेत त्याच कामासाठी आखलेली एक चौकट नाही. (बाहेरचे पुष्कळ लोक आम्हाला लासलगाव समजतात. फोनवर कांद्याचा भाव विचारतात. सवयीने सांगून टाकतो.)

रेल्वेला ही अक्कल पहिल्यापासून होती. स्टेशन बांधलं की मालधक्का बांधायचा, धक्क्यापुढे गाड्या वळतील एवढं पटांगण सोडायचं. शिवाय वेळ बांधून द्यायची. ठरलेल्या तासांत वॅगन रिकामी झाली नाही तर डॅमरेज, उतरलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हारफेज. वडिलांच्या पिढीतले व्यापारी घरातल्या लग्नाची तारीख एक वेळ विसरायचे, पण डॅमरेजचा तास विसरत नव्हते. वॅगन अडवली की पैसे मोजावे लागतात, हे आमच्या रक्तात होतं. मग माल रूळ सोडून रस्त्यावर आला. रस्ता अडवायला पैसे पडत नाहीत. माझा ट्रक दीड तास उभा राहिला, त्याचं डॅमरेज एसटीतल्या पन्नास माणसांनी भरलं.

आता रस्त्याची आणखी एक गोष्ट, हीही माझ्या अंगावर घेऊनच सांगतो. मोठ्या रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडून बांधायचं, त्याची इमारत रेषा ठरलेली असते. दुकानापुढे तशी मोकळी पट्टी सुटते. मालवाहू गाडी आडवी नाही तरी उभी लागावी इतपत ती असते. पण मोकळी पट्टी मोकळी राहत नाही. आधी ओटा येतो. ओट्यावर ऊन लागतं म्हणून पत्रे येतात. पत्र्यांच्या सावलीत मालाची थप्पी येते. थप्पीपुढे हातगाडी उभी राहते आणि महिना झाला की तिचं भाडं सुरू होतं. माझा ओटा दीड फूट पुढे आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली तो काढता येतो हे मला माहीत आहे. काढायला आलात तर मी आडवा येणार नाही. पण नुसते ओटे काढून भागणार नाही. अशा मोहिमेनंतर आठ दिवस रस्ता रुंद दिसतो, आणि त्या रुंद रस्त्यात एकाऐवजी दोन ट्रक लागतात.

त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांमध्ये जत्रा, बाजार, टांगा-तळ आणि गाडी-तळ यांचं नियंत्रण आहे. टांगे गेले, बैलगाड्या गेल्या, पण अनुसूचीने तळाची कल्पना जपून ठेवली आहे. बाजाराला येणाऱ्या गाडीला थांबायला तळ लागतो, हे सत्तर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. आज त्या शब्दाच्या जागी ट्रॅक्टर, पिकअप आणि दहाचाकी वाचायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ट्रॅक्टरची गोष्ट तर वेगळीच. एका शेतकऱ्याच्या परवानगीने मी त्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पट्टीने मोजला. अठ्ठावीस फूट भरला. नियमावलीतली साडेसात मीटरची चौकट म्हणजे साडेचोवीस फूट. डबल ट्रॉली असेल तर विचारूच नका. मागे घेताना ट्रॉली भलतीकडे वळते. सरळ आत शिरून सरळच बाहेर पडता आलं तरच ट्रॅक्टरवाला आत जातो, नाहीतर तो रस्त्यावर थांबणं पसंत करतो. मोंढ्यातल्या, म्हणजे बाजार समितीच्या आवारातल्या, जागेची आखणी करणाऱ्याने हे एकदा स्टिअरिंगवर बसून बघायला हवं. मका, कापूस, कांदा यांची आवक वाढली की कुठल्याही मोंढ्याबाहेर रांग लागते. तिला शेतकरी जबाबदार नसतो. लिलाव उशिरा झाला तर बोली कमी लागेल, या धास्तीने तो पहाटेच निघतो. १९६३ च्या पणन कायद्याने बाजार आवारात सोयी पुरवण्याचं काम बाजार समितीवर टाकलं आहे. आवारातला लिलाव चालवायचा आणि आवाराबाहेरची रांग दुसऱ्या कुणाची तरी मानायची, अशी वाटणी कुठल्याही मोंढ्याला परवडणारी नाही. रांगेसाठी आतच किंवा लगत एखादा तुकडा, नंबराचं टोकन आणि प्यायला पाणी मिळालं, तर अर्धी रांग रस्त्यावरून उठेल.

आणि आता समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमच्याजवळ हडस पिंपळगावला त्यावर चढायची-उतरायची जागा आहे. आनंदच आहे, माझा माल लवकर येतो. पण महामार्गावर चढण्याआधी आणि उतरल्यानंतर प्रत्येक गाडी जुन्याच रस्त्यावर असते. देवगाव रंगारीकडून, गंगापूरकडून, वैजापूरकडून येणारे रस्ते सहापदरी झालेले नाहीत. अशा ठिकाणी गोदामं, पेट्रोल पंप, ढाबे, मंगल कार्यालयं यांचे अर्ज वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेमुळे वाहतुकीचा विचार कागदावर तरी करावा लागतो. त्याखालच्याला कुणी विचारत नाही की साहेब, तुमच्या लॉनमध्ये लग्न लागलं की वऱ्हाडाच्या दोनशे गाड्या कुठे उभ्या राहणार? तिथी सगळ्यांची एकच असते. एका रस्त्यावर चार कार्यालयं असली तर चारही त्याच दुपारी भरतात, आणि नवरदेवाचा घोडा मधोमध नाचतो.

वाहतूक परिणाम अभ्यास म्हटलं की सल्लागार कंपनी आणि जाड अहवाल डोळ्यांपुढे येतो. आम्हाला तेवढं नको. आपण दोन माणसं पाठवा. एक बाजाराच्या दिवशी बसू द्या, एक साध्या दिवशी. वही द्या. किती मालगाड्या आल्या, किती वेळ उभ्या राहिल्या, कुणाच्या दुकानापुढे, किती वाजता. चहा माझ्याकडे. आपल्याला नवीन अधिकार मिळवायचे नाहीत. ज्या खेड्यात नगरपालिका नाही तिथे शेतीखेरीज जमिनीचा वापर बदलायचा तर नगररचना अधिनियमाच्या कलम १८ खाली परवानगी आपल्याच कार्यालयातून येते. त्या परवानगीत एक अट वाढवली की झालं: एकाच रस्त्यावरच्या सगळ्या जुन्या-नव्या दुकानांचं क्षेत्र एकत्र मोजा आणि चढ-उताराची जागा त्या बेरजेवर मागा.

हे जमायला वर्षं लागतील, मान्य. पण एक गोष्ट पुढच्याच महिन्यात होऊ शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर विशिष्ट प्रकारच्या गाड्यांना विशिष्ट वेळी बंदी घालता येते. ही बंदी एका महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, गावात दवंडी-पाट्यांनी प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणजे कायद्याने प्रयोगाला जागा ठेवली आहे. जड गाड्या सकाळी नऊच्या आत आणि रात्री आठनंतर, बाजाराच्या दिवशी दिवसभर पेठेत नाही, असा एक महिना करून बघा. नाही जमलं तर एकतिसाव्या दिवशी आपोआप सुटेल. दिवसाउजेडी गाड्यांना नगरबंदी रोममध्ये ज्युलियस सीझरने घातली होती. म्हणजे फार आधुनिक काही मी मागत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती दुकानदाराची नाही. रात्री गाडी खाली करायची म्हणजे हमालांनी रात्री जागायचं. आमच्याकडचा एक हमाल मला म्हणाला, "शेठ, दिवसा पाठ मोडते, आता रात्री झोप पण मोडा." १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्यासाठी झाला त्यांना न विचारता वेळ ठरवली तर प्रयोग पहिल्याच आठवड्यात मोडेल. गाडी दुकानापासून लांब लागली तर पन्नास किलोचं पोतं पाठीवर शंभर-दोनशे फूट जास्त जाणार. रात्रीचा दर वेगळा हवा, लांबीचा दर वेगळा हवा आणि चाकाचे ठेले हवेत. पैसे आम्ही द्यायचे. आत्तापर्यंत रस्ता फुकट वापरला, त्यातलं थोडं हमालांच्या मजुरीत गेलं तर तक्रार कसली?

शहरातली पार्किंगची कोष्टकं मात्र जशीच्या तशी आणू नका. अमेरिकेत कोलंबस शहराने १९२३ मध्येच प्रत्येक नव्या अपार्टमेंट इमारतीला पार्किंग सक्तीचं केलं, मग बाकीची शहरं मागे लागली आणि गावांच्या मध्यभागी डांबराची मैदानं झाली. बफेलो शहराने २०१७ मध्ये ती सक्तीच काढून टाकली. जपानने वाट वेगळी धरली. १९६२ पासून तिथे गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा दाखवावी लागते. आपले परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनीही २०२५ मध्ये तसंच काही बोलून दाखवलं होतं. पुण्या-मुंबईत ते शोभेल. आमच्या पेठेत माणूस कारने येत नाही. तो एसटीने येतो, काळी-पिवळीने येतो, फार तर दुचाकीवर तिघं बसून येतो. एका कारच्या जागेत पाच दुचाकी मावतात, हे नियमावलीच्याच मापांनी निघतं. आमच्याकडे कारच्या चौकटी आखल्या तर त्यात सहा महिन्यांत भजी तळायला लागतील. आमचं दुखणं पार्किंगचं नाही, उतरवण्याचं आहे, आणि ही दोन दुखणी एका गोळीने बरी होत नाहीत.

कुणी म्हणतं, मोंढा आणि घाऊक दुकानं उचलून गावाबाहेर न्या. मुंबईने मशीद बंदर-भायखळ्याचे घाऊक बाजार वाशीला नेलेच की! नेले, खरं. पण मुंबई बाजारावाचून जगते. लासूर स्टेशन जगणार नाही. पेठ हलली की मागे नुसतं स्टेशन उरेल.

माल उतरवण्याच्या जागेची ही अडचण घेऊन मी याआधी तीन दारं हिंडलो आहे. कुठली ते लिहीत नाही. एका ठिकाणी म्हणाले रस्ता आमचा नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले रस्ता आमचा, कडा आमच्या नाहीत. तिसऱ्या ठिकाणचे साहेब सरळ बोलले: "तुम्ही जागा दाखवा, गाड्या मी लावून देतो." हे उत्तर मला पटलं, म्हणून जागा दाखवतो.

नियमावलीच्या त्याच आठव्या प्रकरणात सामाईक पार्किंगची तरतूद आहे. काही मालकांनी मिळून एकमेकांच्या सोयीसाठी जागा दिली आणि प्राधिकरणाने मान्यता दिली, तर ती सगळ्यांच्या पार्किंगपोटी धरता येते. हाच न्याय माल उतरवण्याच्या जागेला लावा. माझ्या दुकानामागे तीस बाय पन्नास फुटांचा तुकडा रिकामा आहे. तिथे जुना बारदाना आणि एक मोडकी वजनाची तराजू पडलेली असते. त्याला लागून दोघा शेजाऱ्यांच्या जागा आहेत. एक तयार आहे. दुसरा म्हणतो, "जिल्हाधिकाऱ्यांची सही दाखव, मग बघू." तिन्ही मिळून दोन दहाचाकी आणि एक ट्रॅक्टर सरळ आत शिरून पलीकडच्या गल्लीतून बाहेर पडू शकतो. गल्लीच्या तोंडाशी विजेचा एक खांब आडवा येतो, तो चार फूट सरकवावा लागेल. पट्टीने मोजून काढलेला कच्चा नकाशा सोबत जोडला आहे. खांबाची जागा लाल पेनाने दाखवली आहे.

आपला विश्वासू,
एक भुसार व्यापारी,
लासूर स्टेशन, ता. गंगापूर